माळ्यावरचा ब्रेस

गणपतीच्या आधी महिनाभर पेणमध्ये कोणालाही "वेळ आहे का?" असं विचारू नये. पेण, हमरापूर, जोहे, जिकडे बघावं तिकडे ओळीने मूर्ती. पडवीत मूर्ती, माडीवर मूर्ती, जिन्यात मूर्ती. माझे काका अशाच एका कारखान्यात आखणीचं काम करतात. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवणं. हे काम कोणालाही देत नाहीत, आणि ज्याला देतात त्याला सीझनमध्ये उठू देत नाहीत. डावा पाय मुडपून खाली, उजवा गुडघा वर, हातात ब्रश, आणि एकामागून एक गणपती समोर येताहेत. दहा तास, बारा तास.

दोन वर्षांपूर्वीच्या सीझनमध्ये एका सकाळी काका कारखान्यात जायला निघाले आणि डाव्या पायातली चपल उंबऱ्यातच राहिली. पुन्हा घातली. चार पावलांवर पुन्हा निसटली. काकूला वाटलं चपलेचा पट्टा सैल झालाय. काकांनी नवी चपल आणली! तीही निसटली. तेव्हा कुठे लक्षात आलं, की चपल ठीक आहे, पाऊलच वर उचलत नाहीये.

ह्याला म्हणतात फूट ड्रॉप. आपण पाऊल टाकतो तेव्हा चवडा आपोआप थोडा वर होतो, म्हणून बोटं जमिनीला अडत नाहीत. हे काम करणाऱ्या स्नायूंना हुकूम देणारी नस गुडघ्याच्या खाली, बाहेरच्या अंगाला, हाडाच्या गाठीला वळसा घालून पुढे जाते. तिथे बोट लावून बघा (आत्ताच बघा, लेक्चर चालू असलं तरी), हाड लगेच हाताला लागतं. नस आणि जग ह्यांच्यामध्ये तिथे जवळजवळ नुसती कातडीच आहे. तासन्‌तास उकिडवं किंवा पाय मुडपून बसलं, तर ती दबते. भातलावणी-कापणी करणाऱ्यांची दबते, फरशी बसवणाऱ्या मिस्त्रींची दबते. झपाट्याने वजन घटवलं तरी तिच्याभोवतीची चरबीची गादी जाते आणि ती दबते, हे आमच्या मजल्यावरच्या 'डाएट'वाल्यांनी ध्यानात ठेवावं. सबमिशनच्या आदल्या रात्री मांडी घालून जर्नल उतरवणाऱ्या समस्त बांधवांना तर माझा सप्रेम सल्ला, की मधून मधून उठा रे!

अर्थात कारण दरवेळी इतकं साधं नसतं. कमरेतली चकती सरकली, पक्षाघात झाला, मधुमेह जुना झाला, ढुंगणावरचं इंजेक्शन चुकीच्या जागी बसलं, तरी पाऊल लोंबतं. आणि कुष्ठरोगातही. २००५ साली देशपातळीवर रोग दर दहा हजारांत एकाच्या खाली आला, तसा तो 'संपला' असं आपण धरून चाललो. पण तो संपलेला नाही. कातडीवर बधिर चट्टा असेल आणि पाऊल ढिलं पडत असेल, तर सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळतं, आणि वेळेत गेलं तर नस वाचूही शकते. म्हणून पहिली गोष्ट ही की ब्रेसच्या दुकानाआधी डॉक्टरकडे. ब्रेस हा इलाज नव्हे. इलाज चालू असताना, किंवा इलाज संपल्यावर, माणसाला चालता यावं म्हणून केलेली ती सोय आहे.

काकांच्या नसेची तपासणी झाली. नस तुटली नव्हती, दबली होती. डॉक्टर म्हणाले, सुधारेल, पण वेळ लागेल. आतल्या धाग्यांना इजा झाली असेल तर नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते, म्हणजे महिन्याला जेमतेम इंचभर. तोपर्यंत व्यायाम करा आणि ब्रेस वापरा.

आता मुद्द्यावर येतो. काकांनी एका दुकानातून ब्रेस आणला. दुकानदाराने विचारलं, "चपलेचा नंबर किती?" काका म्हणाले, "आठ." "मग मीडियम घ्या." संपली मापं! पांढऱ्या प्लास्टिकचं ते एक 'एल' आकाराचं पन्हळ. तळव्याखाली एक पान, टाचेमागून पोटरीपर्यंत एक भिंत आणि वर वेल्क्रोचा पट्टा. तिसऱ्या दिवशी घोट्याच्या हाडावर लाल चट्टा उठला, पाचव्या दिवशी फोड आला. काका परत दुकानात गेले तर उत्तर मिळालं, "नवीन आहे ना, सवय होईल." सवय झाली ती ब्रेसला, माळ्यावर राहायची. पेणच्या घरात माळ्यावर जुन्या साच्यांच्या शेजारी तो ब्रेस पुढचे दोन महिने पडून होता.

ह्या "सवय होईल" विषयी मला चार शब्द बोलायचे आहेत. आपण मेकॅनिकलवाले एखादा शाफ्ट बेअरिंगमध्ये बसत नसेल तर शाफ्टला "सवय होईल" असं सांगतो का? व्हायवाला असं उत्तर दिलं तर सर कुठे पाठवतील ते सर्वांना ठाऊक आहे. मापाबाहेरचा जॉब नापास होतो. पण माणसाच्या पायाला न बसणारी वस्तू मात्र माणसाच्या अंगचा दोष ठरते. म्हातारे ऐकत नाहीत, खेड्यातले लोक वापरत नाहीत, फुकट दिलं की किंमत नसते... ही वाक्यं मी ह्या दोन वर्षांत इतक्यांदा ऐकली आहेत, की आता पाठ झाली आहेत. माझं मत सरळ आहे. माळ्यावर पडलेला ब्रेस हा न वापरणाऱ्याचा आळस नसून करणाऱ्याची चूक असते. आरामशीर असणं ही ब्रेसच्या बाबतीत चैन नाही, ते त्याचं पहिलं स्पेसिफिकेशन आहे. जो ब्रेस घातलाच जात नाही त्याची ताकद, त्याचं मटेरियल आणि त्याची किंमत ह्यांना काही अर्थ उरत नाही.

मधल्या काळात काकांनी स्वतःच एक युक्ती केली. सायकलची जुनी ट्यूब कापून तिचं एक टोक चपलेच्या पुढच्या भागाला बांधलं आणि दुसरं गुडघ्याखाली गुंडाळलं. पाऊल उचललं की रबर चवड्याला वर ओढणार. दिवाळीच्या सुट्टीत मी रोह्याहून त्यांना भेटायला गेलो तेव्हा हा प्रकार पाहिला आणि थक्कच झालो. ज्या तत्त्वावर दुकानात लवचिक पट्ट्याचे ब्रेस मिळतात, अगदी तेच तत्त्व! मी मोठ्या अभिमानाने फोटो काढला आणि फिजिओथेरपिस्ट मॅडमना दाखवला. त्यांनी एक नजर टाकली आणि म्हणाल्या, "कल्पना छान आहे. पण वरची गाठ कुठे बांधलीय बघा." गुडघ्याखाली, बाहेरच्या अंगाला, बरोबर त्या हाडावर. ज्या नसेमुळे हे सगळं झालं तीच नस काका रोज सकाळी स्वतःच्या हाताने आवळत होते!

त्याच मॅडमनी आम्हांला मुंबईच्या एका ऑर्थोटिस्टकडे पाठवलं. ऑर्थोटिस्ट म्हणजे असे ब्रेस मापाने बनवणारा तज्ज्ञ. ह्या गृहस्थांनी पहिली पंधरा मिनिटं पायाला हातच लावला नाही. नुसते प्रश्न विचारले. काम काय? किती तास बसता, किती उभं राहता? घरात फरशी आहे की शेणाची जमीन? संडास कुठल्या प्रकारचा? पावसात किती चालावं लागतं? एसटीने जाता की गाडीने? मोटरसायकलचे गिअर ह्याच पायाने टाकता ना? काका मला हळूच म्हणाले, "हे डॉक्टर आहेत की मुलगी बघायला आलेत?" पण त्यांचा चेहरा खुलला होता. दोन महिन्यांत प्रथमच कोणीतरी त्यांना पायाखेरीज बाकीचं विचारत होतं.

मग माप. पायावर पातळ मोजा चढवला, हाडं जिथे जिथे वर येतात तिथे पेन्सिलीने खुणा केल्या, घोटा काटकोनात धरला आणि वरून ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळल्या. सुकल्यावर कापून काढलं तर आत खुणा उमटलेल्या. ह्या साच्यात प्लास्टर ओतून पायाची प्रतिकृती करतात, तिच्यावर १८० ते २०० अंशांच्या आसपास तापवलेला पॉलिप्रॉपिलीनचा पत्रा टाकतात आणि व्हॅक्यूमने हवा ओढून घेतात. प्लास्टिक पायाच्या आकाराला चिकटून बसतं. काका सगळं टक लावून बघत होते. प्लास्टर! साचा! त्यांच्या माहेरचीच गोष्ट ती. (मूर्ती पीओपीची असावी की शाडूची हा वाद इथे नको, तो आमच्या घरातच मिटलेला नाही.) ऑर्थोटिस्टने हाडांच्या खुणांवर प्लास्टरचा जरासा जादा थर चढवला तेव्हा काका ताडकन म्हणाले, "म्हणजे तिथे प्लास्टिक हाडापासून लांब राहणार!" मला विचारलं असतं तर दोन मिनिटं लागली असती. पेणमध्ये ज्यांच्या हाताला साच्याचं वळण आहे अशी माणसं घरोघर आहेत, आणि ब्रेसच्या मापासाठी आम्ही मुंबई गाठतो, हे मला त्या दिवशी फार खटकलं. नुसत्या हातकौशल्यावर कोणी ऑर्थोटिस्ट होत नाही हे मान्य, त्याला शरीरशास्त्र लागतं आणि चार-साडेचार वर्षांचा रीतसर अभ्यासक्रम आहे. पण तो शिकायला पेणच्या कारखान्यातली पोरं का जाऊ नयेत?

ब्रेस बनतानाच्या गप्पांत जे कळलं ते सांगतो, म्हणजे कोणाच्या घरी कामाला येईल. प्लास्टिक घोट्यापाशी किती रुंद ठेवायचं ह्यावर सगळा खेळ आहे. घोट्याच्या पुढपर्यंत आणलं तर ब्रेस ताठ होतो. पाय कडक झालेला असेल किंवा घोटा आतबाहेर मुरडत असेल तर तसाच लागतो. नुसतं पाऊल लोंबत असेल तर घोट्याच्या मागे अरुंद पट्टीच ठेवतात. ती पानाच्या स्प्रिंगसारखी वाकते आणि पाऊल उचललं की चवडा वर आणते. जाडी दुप्पट केली तर ताठपणा आठपट होतो, हे आपण स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्समध्ये घोकलंय. पहिल्यांदाच त्याचा उपयोग पाहिला. दुकानातला 'मीडियम' काकांना नको इतका ताठ होता, म्हणून उतारावर गुडघा पुढे ढकलला जायचा आणि त्यांना वाटायचं आपणच पडायला लागलोय. ब्रेसची वरची कड त्या नसेच्या हाडापासून दोन-अडीच सेंटिमीटर खाली थांबली पाहिजे. आधी घोटा हाताने काटकोनापर्यंत येतो का हे पाहायलाच हवं. मागची शीर आखडली असेल तर कुठलाही ब्रेस चावणारच, आधी व्यायामाने ती सोडवावी लागते. कार्बन फायबरचेही ब्रेस असतात, हलके आणि सुरेख, पण ते महाग आणि एकदा बनल्यावर गरम करून सुधारता येत नाहीत. प्लास्टिकला हीट गनने इथे फुगवा, तिथे घासा, असं करता येतं. माझ्या मते आपल्याकडे हा गुण वजनापेक्षा मोठा आहे.

बूट ब्रेससकट दुकानात न्यावा... चुकलो, ब्रेस घालून बुटाच्या दुकानात जावं. बूट अर्धा-एक नंबर मोठा, आतला सोल निघणारा, टाच सपाट. टाचेची उंची बदलली की ब्रेसचा कोन बदलतो आणि गुडघ्याला धक्के बसतात. खाली सुती मोजा, शिवण न टोचणारा. पहिल्या दिवशी तास-दोन तासच घालायचा, काढल्यावर पाय बघायचा. लाली वीस-तीस मिनिटांत गेली तर ठीक. राहिली तर ब्रेस परत घेऊन जायचा आणि 'सवय होईल' म्हणणाऱ्याला नम्रपणे ती लाली दाखवायची. ज्यांचा पाय बधिर आहे, म्हणजे मधुमेहवाले किंवा कुष्ठरोगातून बरे झालेले, त्यांना दुखतच नाही, म्हणून त्यांनी तर रोज रात्री तळवा आरशात बघायलाच हवा. त्यांच्या बाबतीत 'आरामशीर वाटतं' ह्या शब्दावर विश्वास ठेवता येत नाही.

इथवर सगळं पुस्तकात सापडेल. पुस्तकात न सापडणारी गोष्ट काकूने सांगितली. "अहो, हे सगळं बुटात. घरात काय?" खरंच की! हा ब्रेस ज्या देशांत जन्मला तिथली माणसं सकाळी बूट चढवतात ती रात्री काढतात. आमच्या कोकणात माणूस दिवसातून वीस वेळा उंबऱ्याबाहेर चपला काढतो. देवळात अनवाणी, स्वयंपाकघरात अनवाणी, कारखान्यातही मूर्तीपुढे चपला नाहीत. जेवायला मांडी, संडासला उकिडवं. पावसाळ्यात चार महिने बूट म्हणजे पायाला बांधलेली पखाल. जुन्या पद्धतीचे लोखंडी सळ्या आणि चामडी बूट असलेले कॅलिपर तर रोह्या-पेणच्या दमट हवेत गंजतात आणि बुरसतात. प्लास्टिक निदान धुता येतं, पण त्याच्या आत पाय नुसता शिजतो.

जयपूर फूटचं उदाहरण इथे आठवतं. १९६८च्या सुमारास जयपूरचे डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर मास्टरजी रामचंद्र शर्मा ह्यांनी कृत्रिम पाऊल बनवलं ते नेमकं ह्याच प्रश्नातून. पाश्चात्त्य बनावटीचा पाय बुटाशिवाय चालत नव्हता. आपला माणूस अनवाणी चालतो, मांडी घालतो, चिखलात उतरतो. त्यांनी माणसाला बदलायला सांगितलं नाही, पाय बदलला. आणि हा पाय घडवायला एका सर्जनइतकाच एका कारागिराचा हात लागला. लोंबणाऱ्या पावलाच्या ब्रेसबाबत एवढा विचार झालेला मला तरी दुकानांतून दिसला नाही. काकांसाठी शेवटी दोन वस्तू घ्याव्या लागल्या. बाहेरसाठी मापाचा प्लास्टिकचा, आणि घरात वापरायला घोट्याभोवतीचा मऊ पट्टा. ह्या पट्ट्याचा लवचिक बंद तळव्याला अडकतो, त्याला बूट लागत नाही. तो सर्वांना चालत नाही, घोटा स्थिर असेल तरच. पण काकांना चालला.

हे सगळं एका फेरीत झालं नाही. ब्रेस चार वेळा दुरुस्त केला. पेणहून मुंबई म्हणजे एक दिवस गेला, दिवस गेला म्हणजे रोज बुडाला. रोह्याहून निघणाऱ्याचं तर विचारूच नका. महामार्गाचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं, त्या कामातून लोंबत्या पायाने एसटीत उभं राहून प्रवास करणाऱ्याला आमचा दंडवत. मुंबईत हाजी अलीला १९५५पासून केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे, पुण्यात लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४पासून आहे. एडिप योजना १९८१पासून साधनं देते, पण तिला ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र लागतं, आणि नुसतं पाऊल लोंबणाऱ्याची टक्केवारी तिथवर पोचेलच असं नाही. शिबिरं होतात, फोटो छापून येतात, 'इतक्या साधनांचं वाटप' असा आकडा येतो. माझी एक साधी मागणी आहे. आकडा सहा महिन्यांनी छापा. वाटलेल्यांपैकी किती पायांत आहेत आणि किती माळ्यावर? ब्रेस देऊन येणारी गाडी महिन्याभराने हीट गन आणि कानस घेऊन त्याच गावात परत आली, तर मी त्याला वाटप म्हणेन.

आणि आपण? आपल्याकडे फायनल इयरच्या प्रोजेक्टला 'एक्झोस्केलेटन' घेणारे दरवर्षी निघतात. मोटर बाजारातून, कोड नेटवरून, आणि एक्स्टर्नल गेला की सांगाडा वर्कशॉपच्या कोपऱ्यात. म्हणजे तोही माळ्यावरच! आयआयटी मुंबईत २०१४ साली बेटिक नावाचं केंद्र निघालं, तिथे डॉक्टर आणि इंजिनियर एकत्र बसून उपकरणं घडवतात. आपल्याला तेवढं जमणार नाही, पण वेल्क्रो ओला झाला तरी धरून ठेवणारी बकल, घाम जाऊ देणारी जाळीची पोटरी, चिखलात चालेल असं ब्रेससकट घालायचं सँडल, ह्यांतलं एकही काम आपल्या वर्कशॉपच्या आवाक्याबाहेर नाही. धाटावच्या एमआयडीसीत काम करणाऱ्या आमच्या शेजाऱ्यांना ब्रेस मावेल असा सेफ्टी शूज मिळत नाही, म्हणून ते ब्रेस डब्याच्या पिशवीत ठेवून शिफ्ट करतात. हा प्रोजेक्ट नाही का? मार्गदर्शक सरांनी विषय मंजूर करताना फक्त एक अट घालावी, की वापरणाऱ्या माणसाच्या घरी एक दिवस राहून या. रेक्टर सरांनाही जाता जाता विनंती, मेसच्या पायऱ्यांना कठडा बसवा. कोणाला लागेल ते आधी सांगता येत नाही.

काकांचा पाय आता बराच सुधारलाय. बाहेरचा ब्रेस ते लांबच्या वाटेलाच घालतात. गेल्या दसऱ्याला ते रोह्याला आले होते, धावीर महाराजांच्या पालखीसाठी. आदल्या वर्षी ते ओट्यावरूनच पालखी बघत होते, आणि पोलिसांची मानवंदना सुरू झाल्यावर आत निघून गेले होते. ह्या वेळी मऊ पट्टा बांधून, अनवाणी, आमच्या आळीपासून पुढच्या आळीपर्यंत चालले. फार नाही, पण चालले. रात्री ओट्यावर बसून पट्टा सोडताना म्हणाले, "कारखान्यातली पावडर बसून बसून हा वेल्क्रो धरेनासा झालाय रे. पुढच्या खेपेला येताना दीड इंची वेल्क्रो घेऊन ये, मीटरभर. आणि काळा आण, पांढरा लगेच मळतो."

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी